नवऱ्याची जबरदस्ती: कायदा नेमका कुठवर साथ देतो?

सातारा-सांगली भागातून या सदराकडे आलेल्या पत्रांत एक विषय पुन्हा पुन्हा येतो आहे: लग्नातला जबरदस्तीचा शरीरसंबंध. बहुतेक पत्रं बायकांची आहेत, एक पुरुषाचं आहे. त्यातली निवडक इथे घेतली आहेत. कुणाची ओळख पटू नये म्हणून नावं काढली आहेत आणि काही तपशील बदलले आहेत.

प्रश्न : लग्नाला अकरा वर्षं झाली. मिस्टर साखर कारखान्यात आहेत. पिऊन आले की मी आजारी असो, पाळी असो, ऐकत नाहीत. नाही म्हटलं की मारतात, एकदा गळा दाबला. भावाला घेऊन पोलीस ठाण्यात गेले. तिथं म्हणाले, 'नवरा-बायकोत बलात्कार नसतो. हुंडा मागितला असेल तर सांगा.' एनसी करून परत पाठवलं. आता काहीच करता येत नाही का? (कोरेगाव तालुका)

नवरा-बायकोत बलात्कार नसतो, हे आजच्या कायद्यापुरतं खरं आहे. हुंडा मागितला असेल तरच गुन्हा, हे चूक आहे. आणि एनसीवर, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याच्या नुसत्या नोंदीवर, बोळवण करणं ही सगळ्यात मोठी चूक आहे, कारण पुढची वाट तिथेच अडते.

आधी बलात्काराचं. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्या कलम ६३ मध्ये बलात्काराची व्याख्या आहे आणि खाली अपवाद आहे, की बायको १८ वर्षांपेक्षा लहान नसेल तर नवऱ्याने तिच्याशी केलेला संबंध बलात्कार धरायचा नाही. जुन्या कलम ३७५ मधला अपवादच इथे आणला आहे, फक्त १५ च्या जागी १८ केले आहेत. २०१३ मध्ये न्यायमूर्ती वर्मा समितीने तो काढून टाकण्याची शिफारस केली होती. ११ मे २०२२ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींत यावर मतभेद झाले: न्या. राजीव शकधर यांनी अपवाद घटनाबाह्य ठरवला, न्या. सी. हरी शंकर यांनी कायम ठेवला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुनावणी सुरू झाली, केंद्र सरकारने अपवादाची बाजू घेतली, पण सरन्यायाधीशांची निवृत्ती जवळ आल्याने सुनावणी अर्ध्यावर थांबली. हा अपवाद आमच्या मते सरळसरळ अन्याय आहे. पण तो जाण्याची वाट बघत तुम्ही मार खात राहायचं कारण नाही.

तुमचं कलम आहे ८५, म्हणजे पूर्वीचं ४९८-अ. क्रूरता म्हणजे काय ते कलम ८६ मध्ये लिहिलं आहे आणि त्याचे दोन भाग आहेत. हुंड्यासाठीचा छळ हा दुसरा भाग. पहिल्या भागात हुंड्याचा शब्दही नाही. बाईला आत्महत्येकडे ढकलेल किंवा तिच्या जिवाला, शरीराला, शारीरिक वा मानसिक आरोग्याला गंभीर धोका होईल असं कोणतंही जाणूनबुजून केलेलं वर्तन त्यात येतं. आजारपणात जबरदस्ती, नकार दिला म्हणून मारहाण, गळा दाबणं हे सगळं इथे बसतं. शिक्षा तीन वर्षांपर्यंत आणि दंड.

आता एनसीचं. कलम ११५(२) म्हणजे साधी दुखापत, ३५२ म्हणजे शिवीगाळ, ३५१(२) म्हणजे धमकी. गावोगाव '३२३-५०४-५०६' म्हणून माहीत असलेली हीच जुनी कलमं. ती अदखलपात्र आहेत, म्हणजे न्यायालयाच्या परवानगीशिवाय पोलीस तपास करत नाहीत. कलम ८५ मात्र दखलपात्र आहे. तक्रारीत फक्त मारहाण आणि शिव्या आल्या की एनसी होते. म्हणून तक्रार तोंडी सांगून सोडू नका, लिहून न्या. 'पती वारंवार शारीरिक व मानसिक त्रास देतात' हे वाक्य शेकडो तक्रारींत असतं आणि त्यातून काहीच सिद्ध होत नाही. त्याऐवजी असं लिहा: 'अमुक तारखेला रात्री साडेअकराच्या सुमारास पती दारू पिऊन आले. मला ताप होता, मी नको म्हणाले. त्यांनी माझे हात धरून जबरदस्तीने संबंध केला. मी ओरडले तेव्हा उजव्या हाताने गळा दाबला. दोन दिवस मला गिळता येत नव्हतं. सकाळी शेजारच्या काकूंनी मानेवरचे वळ पाहिले.' तारीख आठवत नसेल तर सण, यात्रा, मुलाची परीक्षा असा खुणेचा दिवस लिहा. पहिली घटना, सगळ्यात वाईट घटना आणि शेवटची घटना या तीन तरी तपशिलाने याव्यात. शेवटच्या घटनेपासून तीन वर्षांच्या आत तक्रार व्हायला हवी. शरीरसंबंधाबद्दल लिहायला संकोच वाटतो आणि तो भाग गाळला जातो. पुढे कोर्टात पहिल्यांदा सांगितला तर 'हे आधी का नाही सांगितलं' हाच प्रश्न येतो.

गळा दाबणं वेगळ्या वाक्यात लिहा आणि डॉक्टरांनाही वेगळं सांगा. आवाज बसणं, गिळताना दुखणं, डोळ्यांत लाल ठिपके येणं ही त्याची लक्षणं आहेत. बाहेर वळ नसला तरी आतली सूज नंतर वाढू शकते, म्हणून त्याच दिवशी तपासून घ्या. सरकारी दवाखान्यात केसपेपर काढताना 'बाथरूममध्ये पडले' असं सांगू नका. सोबत सासरचं कुणी उभं असतं म्हणून बाया असं सांगतात, आणि पुढे तोच कागद आरोपीचा वकील न्यायाधीशांपुढे ठेवतो. डॉक्टरांना 'नवऱ्याने मारलं, एमएलसी (पोलीस प्रकरणासाठीची वैद्यकीय नोंद) करा' एवढंच म्हणा.

अशा तक्रारीत गुन्हा नोंदवण्याआधी पोलीस उपअधीक्षकांच्या परवानगीने १४ दिवसांची प्राथमिक चौकशी करू शकतात. त्यापलीकडे टाळाटाळ झाली तर तक्रार स्पीड पोस्टाने जिल्हा पोलीस अधीक्षकांना पाठवा, पावती जपा. त्यानेही हललं नाही तर शपथपत्रासह न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. एक गोष्ट आधीच माहीत असू द्या: सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात पोलीस सहसा लगेच अटक करत नाहीत, हजर राहण्याची नोटीस देतात. म्हणजे गुन्हा दाखल झाला तरी त्या रात्री नवरा घरी असू शकतो. तुम्ही आणि मुलं कुठे राहणार हे ठरवूनच ठाण्याची पायरी चढा.

प्रश्न : मला सोडचिठ्ठी नको, पोलीस केस तर नकोच. दोन मुली आहेत. फक्त हा प्रकार थांबावा आणि मला वेगळ्या खोलीत झोपू द्यावं. घर सासऱ्यांच्या नावावर आहे. काही बोलले की सासूबाई म्हणतात, 'घर आमचं आहे, चालती हो.' (तासगाव)

तुम्ही मागता ते जवळजवळ शब्दशः देणारा कायदा आहे. 'महिलांचे कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण अधिनियम, २००५' हा मुळात दिवाणी स्वरूपाचा कायदा आहे. यात नवऱ्याला आरोपी करावं लागत नाही, घटस्फोटही मागावा लागत नाही. लैंगिक हिंसा हा त्याच्या व्याख्येतला स्वतंत्र प्रकार आहे. संरक्षण अधिकारी 'कौटुंबिक घटना अहवाल' भरतात, त्या नमुन्यात लैंगिक हिंसेखाली 'जबरदस्तीचा शरीरसंबंध' हा पर्याय छापलेलाच आहे. फौजदारी कायदा जे म्हणायला तयार नाही, ते या फॉर्मवर खूण करून नोंदवता येतं. ती खूण झाली की नाही हे स्वतः वाचून पाहा. पुष्कळदा 'शारीरिक' आणि 'मानसिक' यांवर खूण होते आणि हा रकाना कोरा राहतो.

संरक्षण अधिकारी महिला व बाल विकास विभागाचे असतात. तुमच्या तालुक्याचे कुठे भेटतील ते १८१ या महिला मदत क्रमांकावर किंवा सांगलीच्या जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात कळेल. त्यांच्याकडे न जाता थेट प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे कलम १२ चा अर्जही करता येतो. अहवाल नसेल तर अर्ज चालत नाही, हा समज २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दूर केला आहे.

अर्जात तीन गोष्टी नेमक्या मागा. कलम १८ खाली संरक्षण आदेश: नवऱ्याने मारहाण व लैंगिक जबरदस्ती करू नये. कलम १९ खाली निवास आदेश: तुम्ही आणि मुली राहता त्या खोलीत नवऱ्याने येऊ नये. घराच्या एखाद्या भागापुरती बंदी घालण्याची तरतूद त्यात स्पष्ट आहे. म्हणून 'योग्य तो आदेश व्हावा' असं मोघम न लिहिता कुठली खोली, तिचं दार कुठल्या बाजूला, आतून कडी आहे का, असं लिहा. तिसरी गोष्ट कलम २३ ची: अंतिम निकालापर्यंत अंतरिम आदेश. त्यासाठी वेगळं शपथपत्र लागतं. ते जोडायचं राहतं आणि पहिल्या तारखेला नुसती नोटीस निघते. पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत, असं कायदा सांगतो. साठ दिवस प्रत्यक्षात क्वचितच पाळले जातात, म्हणून अंतरिम आदेशावर जोर हवा. सुनावणी बंद खोलीत व्हावी असंही मागता येतं. भरल्या कोर्टात हे बोलावं लागेल या भीतीने कुणी थांबलं असेल तर ही तरतूद लक्षात ठेवा.

घर सासऱ्यांचं असलं तरी तुम्ही तिथे संसार केला आहे, त्यामुळे ते 'सामायिक घर' ठरू शकतं. १५ ऑक्टोबर २०२० च्या सतीश चंदर आहुजा विरुद्ध स्नेहा आहुजा या निकालाने ते स्पष्ट केलं. मालकी मिळत नाही, पण कायद्याच्या मार्गाशिवाय बाहेर काढता येत नाही. सासू-सासरे ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली प्रांताधिकाऱ्यांकडे गेले तर नोटीस आल्यावर गप्प बसू नका. त्या कायद्याने सुनेचा निवासाचा हक्क आपोआप बुडत नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्येच सांगितलं आहे.

रागाच्या भरात नणंद, तिचा नवरा, पुण्याचा दीर अशा सगळ्यांना सामनेवाले करू नका. प्रत्येकाला नोटीस बजावण्यात महिने जातात. आदेश मिळाला की त्याची प्रत, जी मोफत मिळते, हद्दीच्या पोलीस ठाण्यात पोच घेऊन द्या. संरक्षण आदेश मोडला तर मात्र तो गुन्हा आहे: एक वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मध्ये तंटामुक्ती समितीची किंवा भावकीची बैठक बसली तर बसा, पण 'माझी काही तक्रार नाही' अशा कागदावर सही करू नका.

प्रश्न : आठ महिन्यांपासून मी माहेरी आहे. कोर्टात काही दाखल नाही. गेल्या महिन्यात नवरा मुलाला भेटायला म्हणून आला, घरात कुणी नव्हतं, त्याने जबरदस्ती केली. मी घाबरून बोलले नाही. आता वकिलामार्फत 'नांदायला या, नाहीतर दावा करू' अशी नोटीस आली आहे. (कराड)

तुमच्या बाबतीत तो अपवाद नवऱ्याला पूर्ण वाचवत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ६७ नुसार विभक्त राहणाऱ्या बायकोशी तिच्या संमतीशिवाय संबंध केला तर नवऱ्याला दोन ते सात वर्षांची शिक्षा आहे. 'कोर्टाच्या हुकमाने किंवा अन्यथा विभक्त' असे त्यात शब्द आहेत. त्यामुळे कागद झालेला नसला तरी चालतं, पण वेगळं राहणं सिद्ध करावं लागतं. मुलाचा शाळेचा दाखला कराडला केव्हा आला, गॅसचा किंवा बँकेचा पत्ता केव्हा बदलला, दवाखान्याचे इथले केसपेपर, आणि 'परत ये' असे नवऱ्याचे मेसेज हे पुरावे आहेत. आलेली नोटीससुद्धा तुमच्याच कामाची आहे. बायको आठ महिने वेगळी राहते असं तिच्यात लिहिलं असेल, तर ती नवऱ्याच्या बाजूनेच दिलेली कबुली झाली.

ही तक्रार बायकोने स्वतःच द्यावी लागते, भाऊ किंवा वडील देऊ शकत नाहीत. गुन्हा जामीनपात्र आहे, म्हणजे तो त्याच दिवशी सुटू शकतो. म्हणून त्याच आठवड्यात कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली कराडच्या कोर्टात संरक्षण आदेशही मागा. तुम्ही तात्पुरत्या राहता तिथेही तो अर्ज चालतो. सासर दुसऱ्या जिल्ह्यात असलं तरी कलम ८५ चा गुन्हा माहेरच्या ठाण्यात नोंदवता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ठरवलं आहे.

महिना उलटल्याने वैद्यकीय पुरावा आता मिळणार नाही, पण तेवढ्याने तक्रार बाद होत नाही. ज्या कुणाला तुम्ही त्या काळात बोललात, मेसेज केलात, ते साक्षीला येतात. हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणावर अशी वेळ आली तर नमुने साधारण ९६ तासांपर्यंत घेता येतात. शक्यतो अंघोळीआधी जा, अंगावरचे कपडे प्लास्टिकच्या पिशवीत न घालता कागदात गुंडाळा, कारण प्लास्टिकमध्ये ओल धरून नमुना खराब होतो. सरकारी रुग्णालय 'आधी पोलिसांचं पत्र आणा' म्हणून तपासणी नाकारू शकत नाही.

नोटिशीला वकिलामार्फत लेखी उत्तर द्याच, आणि नांदायला न जाण्याचं कारण स्पष्ट लिहा. उत्तर दिलं नाही तर 'विनाकारण सोडून गेली' हे नवऱ्याचं म्हणणं निर्विवाद राहतं. हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ चा दावा तो जिंकला तरी पोलीस तुम्हाला उचलून सासरी नेऊन सोडू शकत नाहीत. जप्ती फार तर मालमत्तेवर येते. आणि १० जानेवारी २०२५ च्या रीना कुमारी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे की, असा हुकूम असूनही न जाण्याला पुरेसं कारण असेल तर पोटगी मिळते. १८८७ मध्ये मुंबईच्या न्यायालयाने रखमाबाईंना 'नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात' असं सांगितलं, तेव्हा त्यांनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली होती. आज तुरुंगाची भीती उरलेली नाही, तरी ही नोटीस आली की घरचे लोक घाबरून मुलीला परत पाठवतात.

प्रश्न : नको असताना तिसऱ्यांदा दिवस गेले. खासगी दवाखान्यात नवऱ्याची सही आणायला सांगितली. तो देणार नाही. (वाई)

सज्ञान बाईच्या गर्भपाताला फक्त तिची स्वतःची संमती लागते. नवऱ्याची सही कायद्यात कुठेही नाही. २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचं मत पुरतं, २० ते २४ मध्ये दोघांचं आणि ठरावीक कारणं. २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताच्या कायद्यापुरतं बलात्कारात नवऱ्याची जबरदस्तीही धरली, आणि त्यासाठी एफआयआरची अट नाही. आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. नऊ आठवड्यांच्या आत असाल तर गोळ्यांनी होतं, म्हणून सहीच्या वादात दिवस घालवू नका. सरकारी रुग्णालयात जा. मेडिकलमधून परस्पर गोळ्या घेऊ नका, गर्भ नळीत असेल तर त्या जिवावर बेततात. गर्भपात पूर्ण झाला की तांबी बसवता येते. घरी कळू द्यायचं नसेल तर दर तीन महिन्यांनी घ्यायचं 'अंतरा' इंजेक्शन सरकारी दवाखान्यात मोफत आहे. दोन्हींनाही नवऱ्याची परवानगी लागत नाही.

प्रश्न : मी अंगणवाडी सेविका आहे. वस्तीवर १६ वर्षांच्या मुलीचं लग्न झालंय, ती गरोदर आहे. घरचे म्हणतात, 'ती राजी आहे, लग्न लागलंय, तुम्ही मध्ये पडू नका.' (जत)

इथे अपवाद लागूच होत नाही. १८ वर्षांखालच्या बायकोशी संबंध हा बलात्कार आहे. ११ ऑक्टोबर २०१७ च्या निकालाने ते ठरलं आणि नव्या संहितेत ते लिहूनच आलं. मुलगी राजी असण्याला कायद्यात किंमत नाही, आणि पोक्सो (लैंगिक अत्याचारापासून बालकांचं संरक्षण करणारा कायदा) हाही लागतो. माहिती असून कळवलं नाही तर पोक्सोखाली तुमच्यावरच सहा महिन्यांपर्यंत शिक्षेची पाळी येऊ शकते. म्हणून १०९८ या बालकांच्या मदत क्रमांकावर किंवा पोलिसांना कळवा, तारीख-वेळ टिपून ठेवा. गावात बालविवाह प्रतिबंधाची जबाबदारी ग्रामसेवकांची आहे, त्यांनाही लेखी द्या.

मात्र तक्रारीच्या भीतीने मुलीची गरोदरपणातली तपासणी चुकू देऊ नका. १६ व्या वर्षी रक्तक्षय, रक्तदाब आणि अपुऱ्या दिवसांचं बाळंतपण यांचा धोका जास्त असतो. तिला स्वतःला सांगा: वीस वर्षांची होईपर्यंत ती हे लग्न कोर्टातून रद्द करून घेऊ शकते, पोटगी मागू शकते, आणि लग्न रद्द झालं तरी मूल औरसच राहतं. सासरी राहायचं नसेल तर बालकल्याण समिती तिच्या राहण्याची सोय करते. गर्भ नको असेल तर पालकांच्या संमतीने गर्भपात होतो, आणि मुलीने व पालकांनी विनंती केली तर डॉक्टरने पोलिसांना तिचं नाव कळवायची गरज नाही, असं वर सांगितलेल्या २९ सप्टेंबर २०२२ च्याच निकालात म्हटलं आहे.

प्रश्न : मी पुरुष आहे. बायको दोन वर्षं जवळ येऊ देत नाही. उद्या कायदा बदलला तर प्रत्येक नवरा गुन्हेगार ठरेल. आमच्या हक्कांचं काय? (मिरज)

कारण नसताना दीर्घकाळ शरीरसंबंध नाकारणं ही मानसिक क्रूरता ठरू शकते, असं सर्वोच्च न्यायालयाने समर घोष विरुद्ध जया घोष या २००७ च्या निकालात सांगितलं आहे, आणि त्यावर घटस्फोट मागता येतो. हाच तुमचा हक्क, आणि तो न्यायालयात जाऊन बजावायचा आहे. जबरदस्तीचा हक्क आजही कुठल्या कायद्याने दिलेला नाही. तिला बलात्कार म्हणायचं नाही, एवढंच त्या अपवादाने केलं आहे. त्याआधी मात्र कारण विचारा. बाळंतपणानंतरचं दुखणं, अंगावरून जाणं, गर्भाशयाचा आजार, आधीच्या जबरदस्तीची धास्ती यांतलं काहीही असू शकतं, आणि यातल्या बऱ्याचशा गोष्टींवर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे उपचार आहेत. कायदा बदलला तरी संमतीने संसार करणाऱ्या नवऱ्याला त्याची धास्ती बाळगायचं कारण नाही.

प्रश्न : वकिलाला द्यायला पैसे नाहीत. कुठं जायचं? (फलटण, विटा आणि पाटणहून तीन पत्रं)

बाईला उत्पन्नाची अट न लावता सरकारी खर्चाने वकील मिळतो. विधी सेवा प्राधिकरण कायद्याचं कलम १२ तसं सांगतं. तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समितीचं कार्यालय विचारा, जिल्ह्याच्या ठिकाणी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, फोन १५१००. साध्या कागदावर अर्ज चालतो. सोबत आधार, लग्नाचा पुरावा (पत्रिका किंवा फोटोही चालतो), मुलांचे जन्मदाखले, केसपेपर, एनसीची प्रत, आणि नवऱ्याच्या पगाराचा किंवा सातबाऱ्याचा कागद न्या. नेमलेला वकील तारखेला येत नसेल तर त्याच कार्यालयात लेखी सांगून बदलून घेता येतो. कागद सासरी अडकले असतील तर ते आणायला एकटीने जाऊ नका, संरक्षण अधिकाऱ्यांना सोबत मागा. तातडीच्या वेळी ११२.